आणखी काही सांगायचंय?

"उठताना चक्कर येते का?"

"नाही."

"डोळ्यांपुढे अंधारी?"

"छे."

"मागच्या फोननंतर कधी तोल जाऊन पडलात?"

काटेवाल्यांनी कपाळावरच्या टेंगळाला हळूच बोट लावून पाहिलं. टेंगूळ कालचंच होतं. सकाळी पलंगावरून उठले, तशी खोली गरकन फिरली आणि कपाटाची मूठ त्यांच्या स्वागताला पुढे आली.

"पडायला सवड कुणाला आहे?" ते म्हणाले. "नाही लिही."

पलीकडची मुलगी हसली. तिला सर्दी झालेली होती, त्यामुळे हसू नाकातच अडकलं. मग टकटक ऐकू आली. तिने 'नाही' टाइप केलं. त्या टकटकीच्या मागे आणखी पाच-सहा आवाज होते आणि तेही दुसऱ्या कुणाकुणाला चक्कर आणि अंधारीच विचारत होते. एका मोठ्या खोलीत बसून या मुली दिवसभर परक्या माणसांच्या तब्येती विचारत असाव्यात, असं चित्र काटेवाल्यांनी मनाशी रंगवलं होतं. पोटासाठी माणूस काय काय करतो, पण हे काम त्यांना वाईट वाटत नव्हतं.

भुकेचं विचारून झालं, पोट साफ होण्याचं झालं, पायांच्या सुजेचं झालं. हे प्रश्न म्हणजे नुसता उंबरठा. तो ओलांडला की शेवटचा प्रश्न यायचा आणि त्या एका प्रश्नासाठी काटेवाले महिनाभर वाट पाहायचे.

"आणखी काही सांगायचंय, काका?"

मग ते सांगायचे. वरच्या मजल्यावरचा शिंपी मशीन चालवतो तेव्हा आपल्या कपाटातले पेले कसे किणकिणतात, ते सांगायचे. खिडकीत कबुतराने मांडलेला संसार सांगायचे. शर्टाचं बटण लावायला बसलं की सुईत दोरा जात नाही आणि गेला तर बटण सापडत नाही, हे सांगायचे. मुलगी ऐकायची आणि टकटक करत राहायची. एकदा त्यांनी विचारलं होतं, की बाई, हे कबुतराचंही लिहितेस की काय. ती म्हणाली होती, "शेवटच्या प्रश्नाला जे सांगाल ते जसंच्या तसं लिहायचं, असा नियम आहे आमचा."

त्या दिवशी काटेवाल्यांना एखाद्या साहेबासारखं वाटलं होतं. त्यांचं बोलणं आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. उभी हयात वजनकाटे दुरुस्त करण्यात गेली म्हणून लोकांनी दिलेलं नाव. किराणावाल्याचा काटा, खाटकाचा काटा, भंगारवाल्याचा जाडजूड काटा, दवाखान्यात तान्ह्या पोरांना निजवून तोलतात तो नाजूक काटा, सगळे त्यांच्या हातांखालून गेलेले. दुकान एवढंसं, दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागायचं. पुढे आकडे दाखवणारे नवे काटे आले. ते बिघडले की लोक फेकून दुसरे आणू लागले आणि काटेवाल्यांनी एक दिवस दुकानाचं दार ओढून घेतलं ते घेतलंच.

बायको होती तोवर घरात बसण्याचंही काही वाटलं नाही. रोज सकाळी ती चहाचा पेला समोर ठेवायची आणि विचारायची, "झोप लागली का?" काटेवाले म्हणायचे, "हं." संसाराची सगळी वर्षं हा एक प्रश्न आणि हे एक उत्तर. तिला झोप लागली का, हे त्यांनी उलटून कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच सुचलं नाही. ती गेल्यावर पहिल्या काही सकाळी ते चहा करून टेबलाशी बसले तेव्हा समोरची रिकामी खुर्ची नुसती बघत राहायची. शेवटी त्यांनी ती उचलली आणि घरातल्या अरुंद बोळात, फोनजवळ नेऊन ठेवली. डोळ्यांआड झाली की बोचणार नाही, असा हिशोब. तो काही जमला नाही.

आणि मग एका दुपारी फोन वाजला. रक्तदाबाची नवी गोळी सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. कुठल्याशा औषध-पाहणीतून बोलतेय, असं सांगत एका अनोळखी मुलीने पहिलाच प्रश्न विचारला: "झोप कशी लागते?"

काटेवाले बायकोच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लागते बरी."

त्या पहिल्या फोनवर तिने सगळं नीट समजावलं होतं. गोळी बाजारात यायच्या आधी तपासलेली असते, पण ती निवडक माणसांवर. बहुतेक तरणी, धडधाकट, सांगितल्या वेळेला सांगितली गोळी घेणारी. घरोघरची माणसं तशी नसतात. कुणाला आणखी तीन औषधं चालू असतात, कुणी गोळी विसरतो, कुणी दोन एकदम घेतो. तेव्हा गोळी खऱ्या घरात कशी वागते ते पाहायचं, हजारो लोकांना विचारायचं आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र मांडून ठरवायचं की ती कुणाला मानवते, कुणाला नाही. उत्तरांवर नाव नसतं, नुसता नंबर असतो; कुणाला धोका दिसला तरच त्याच्या डॉक्टरांना कळवायचं.

"म्हणजे माझंच काम की हे," काटेवाले म्हणाले होते. मग तिला सांगितलं, की काटा दुकानात दुरुस्त करून दिला म्हणजे झालं नाही. माझ्या टेबलावर तो बरोबर दाखवतो. तोच खाटकाच्या ओल्या, कललेल्या फळीवर ठेवला की छटाकभर इकडे-तिकडे होतो. म्हणून मी गिऱ्हाइकाच्या जागेवर जाऊन पुन्हा बघायचो.

"अगदी तसंच, काका," ती खूश होऊन म्हणाली. "आमच्या साहेबांना सांगते हे."

जाता जाता तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती. सांगितली ती त्यांना बरं वाटावं म्हणून. गोळीचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी ती बंद केली, तर महिन्याने एक शेवटचा फोन येईल. पुढे आमची कटकट नाही.

बिचारीला काय ठाऊक, की त्या कटकटीवर एक माणूस जगू लागणार आहे.

चक्कर सुरू झाली ती दुसऱ्या महिन्यात. आधी पलंगावरून उठताना, मग खुर्चीवरून उठतानाही. काटेवाल्यांनी मनातल्या मनात दोन्ही पारडी भरून पाहिली. एका पारड्यात चक्कर, दुसऱ्यात फोन. फोनचं पारडं दाणकन खाली गेलं. चक्कर काय, भिंत धरली की जाते. त्यांनी फोनवर "नाही" सांगितलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिथेही "नाही"च सांगितलं. एक खोटं सांभाळायला दुसरं लागतंच.

इथवर हा त्यांचा एकट्याचा मामला होता. पण मध्ये आक्का आली.

आक्का म्हणजे थोरली बहीण. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. वय झालं तरी आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी बोलली तर शेवटच्या घराला निरोप मिळावा. तोंडात तीळ भिजायचा नाही. तिलाही रक्तदाब होता आणि जुन्या गोळीने पाय सुजायचे. काटेवाल्यांचे पाय बघून ती म्हणाली, की तुझे पाय बरे दिसतात, कुठली गोळी घेतोस? त्यांनी सांगितलं. काही त्रास होतो का, तिने विचारलं. काटेवाले म्हणाले, काही नाही. आता आक्काला खरं सांगावं तर ती संध्याकाळपर्यंत डॉक्टरांच्या कानावर घालणार. दोघांचा डॉक्टर एकच.

आक्काने डॉक्टरांकडे हट्ट धरला, माझ्या भावाची गोळी मला द्या. भावाला छान मानवली आहे म्हटल्यावर डॉक्टरांनीही दिली.

महिनाभरात आक्का एका दुपारी आली आणि दारातच चौकट धरून उभी राहिली. म्हणाली, "काय रे, तुला उठताना गरगरतं का कधी?"

काटेवाले चहा गाळत होते. गाळणीतून चहा पडायचा थांबला तरी ते गाळणी धरून उभे राहिले. खरं म्हणजे त्या एका क्षणात सगळं सांगता आलं असतं. पण तोंडातून सवयीचा शब्द आला.

"नाही बुवा."

"मग माझं वयच झालं म्हणायचं," आक्का म्हणाली आणि बिस्किटांचा डबा हुडकायला लागली. तिने गोळी चालूच ठेवली.

टेंगूळ आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मघाचा तो फोन ठेवला आणि काटेवाले खुर्चीवरून उठून भिंत धरतात न धरतात तोच पुन्हा घंटा वाजली. त्यांना वाटलं, मुलगी काहीतरी विचारायची विसरली. त्यांनी हसतच फोन उचलला. आक्काची शेजारीण बोलत होती. आक्का न्हाणीघरात पडली होती.

हात मोडला होता, मनगटाच्या वर. इस्पितळात प्लॅस्टर घालून झालं होतं आणि आक्का पलंगावर बसून परिचारिकेला सांगत होती, की तुझी पट्टी बांधायची तऱ्हा बरोबर नाही. काटेवाल्यांना पाहून म्हणाली, "आलास? ये. माझा पराक्रम बघ."

तरुण डॉक्टर तिला विचारत होता, की आजी, आधी कधी चक्कर यायची का? आक्का म्हणाली, यायची की, रोज. मग सांगितलं का नाहीत?

"काय सांगायचं? भावाचीही हीच गोळी. त्याला काही होत नाही," आक्काने काटेवाल्यांकडे हनुवटी उडवली. "म्हटलं, गोळी चांगली आहे. आपणच जुने झालोय."

डॉक्टरने काटेवाल्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या कपाळाकडे. काटेवाल्यांना मात्र तिथे उभं राहवेना. भर बाजारात आपल्याच हातच्या काट्याखाली वजन मारायला चुंबक चिकटवलेलं कुणी उलटं करून दाखवावं, तसं झालं त्यांना. असे काटे त्यांनी हयातीत पुष्कळ पाहिले होते. दुकानदाराला तोंडावर सांगायचे, की मी काटा दुरुस्त करतो, माणूस नाही. आणि उठून यायचे.

आक्काचा उजवा हात गेला कामातून. तिला एकटीला सोडणं शक्य नव्हतं. काटेवाल्यांनी तिला घरी आणलं, आपली खोली दिली आणि स्वतःचं अंथरूण बाहेर टाकलं. तिची गोळी इस्पितळातच बदलली होती. आता यांची उरली.

दवाखान्यात जाऊन सांगता आलं असतं. दोनदा ते दवाखान्याच्या पायरीपर्यंत गेलेही. पण त्यांना वाटलं, फोनवर जिला खोटं सांगितलं तिलाच खरं आधी सांगावं. आणि दुसरंही वाटलं, ते त्यांनी स्वतःलाही धड कबूल केलं नाही. एक फोन तरी पदरात पडेल.

तोवर त्यांनी गोळी मात्र रोज घेतली, भिंती धरून. आणि महिन्याची तारीख आली.

फोन वाजला. एरवी ते दोन घंटा होऊ द्यायचे, वाट बघत बसलो होतो असं दिसू नये म्हणून. आज पहिल्याच घंटेला उचलला.

"काका, झोप कशी लागते?"

"थांब," ते म्हणाले. "तुझे प्रश्न राहू देत. आधी शेवटचा विचार."

"आधी शेवटचा कसा विचारू? क्रमाने जावं लागतं."

"बरं, क्रमाने जा."

ती क्रमाने गेली. उठताना चक्कर येते का, इथे पोचली तेव्हा काटेवाले म्हणाले, "येते. रोज येते. दुसऱ्या महिन्यापासून येते."

टकटक थांबली. मुलीने विचारलं, की मागच्या वेळी तर तुम्ही नाही म्हणालात. ते म्हणाले, खोटं सांगितलं. त्याच्या आधीच्या वेळी? तेही खोटं. मग ती मुलगी एकेक महिना घेऊन मागे मागे गेली. जुन्या उत्तरांवर खाडाखोड करता येत नाही, म्हणाली, पण त्यांच्याखाली आज नवीन नोंद घालता येते. प्रत्येक महिन्याचे प्रश्न तिने पुन्हा वाचले आणि काटेवाल्यांनी प्रत्येकाला खरं उत्तर दिलं. हो. हो. पडलो. दोनदा. एकदा कपाळाला लागलं. तिने आवाज चढवला नाही. काटेवाल्यांना वाटलं, ही रागावली असती तर सोपं गेलं असतं.

"आता इथे कारण विचारलंय," ती म्हणाली. "आधी का सांगितलं नाही."

"हे पण लिहिणार?"

"जागा आहे. रिकामी ठेवता येत नाही." आणि मग जरा हळू, "'लक्षात राहिलं नाही' असं लिहू का, काका? पुष्कळ जण तसंच सांगतात."

काटेवाल्यांना कळलं, की ती त्यांची लाज झाकायला पदर पुढे करते आहे. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नको. मापात पाप नको. लिही, की त्रास सांगितला तर गोळी बंद होईल आणि गोळी बंद झाली की फोन बंद होईल, म्हणून सांगितलं नाही. माझ्या शब्दावर बहिणीने तीच गोळी घेतली आणि हात मोडून घेतला. तेही लिही."

मागच्या मुली आपापले प्रश्न विचारत होत्या. मग तिने टाइप केलं, सावकाश, एकेक अक्षर.

"काका," ती म्हणाली, "चक्कर आली म्हणून गोळी लगेच बंद करत नाहीत. आधी अर्धी करून बघतात. पुष्कळांचं अर्धीवर भागतं. फोन चालू राहतो."

"असं होय?"

"तुम्ही पहिल्यांदाच सांगितलं असतं तर..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

"आता?"

"आता तुम्ही पडलात. एकदा नाही, दोनदा. आता मला डॉक्टरांना आजच कळवावं लागेल आणि ते बंदच करतील."

"कळव," काटेवाले म्हणाले. "आणि शेवटचा प्रश्न राहिला."

तिने विचारला. त्यांनी सांगितलं, की कबुतराची पिल्लं उडून गेली. तिने तेही लिहिलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी आक्काला सगळं सांगितलं. आक्का डाव्या हाताने चमचा धरून जेवत होती आणि निम्मं सांडत होती. ऐकता ऐकता चमचा तोंडाशी थांबला. काटेवाले वाट पाहत होते, की आता तोफ सुटणार. गल्लीच्या शेवटापर्यंत ऐकू जाणार.

"एका फोनपायी?" आक्का म्हणाली.

"हं."

"मी दोन गल्ल्यांवर राहते रे मेल्या." आवाज मुळीच मोठा नव्हता. "मला कुणी फोन केला?"

आक्काने ताट सरकवलं आणि तीन दिवस त्यांच्याशी अबोला धरला. एवढा मोठा अबोला आक्काला झेपणारा नव्हता. चौथ्या दिवशी ती म्हणाली, की तुझ्या चहात पाण्याशिवाय काही नसतं.

गोळी बदलली. खोली फिरायची थांबली. भिंतीवर हाताची जी मळकट रेघ उमटली होती ती आक्काने डाव्या हाताने पुसून काढली, वर 'घर आहे की गुरांचा गोठा' हेही ऐकवलं. दिवस बरे जात होते. पण फोन वाजला की काटेवाल्यांचा जीव उगाच वर-खाली व्हायचा.

शेवटचा फोन ठरल्याप्रमाणे आला. प्रश्न थोडेच होते. चक्कर गेली का? गेली. नव्या गोळीचा काही त्रास? नाही. आणि हे खरं सांगतोय हां, ते म्हणाले. मुलगी हसली, या वेळी हसू नाकात अडकलं नाही.

"आणखी काही सांगायचंय, काका?"

काटेवाल्यांनी महिनाभर पुष्कळ गोष्टी जमवून ठेवल्या होत्या. शिंप्याने नवं मशीन घेतलं होतं. आक्का परिचारिकेशी कशी भांडली, त्याची नक्कल त्यांनी तालीम करून ठेवली होती. यातलं काहीच तोंडातून आलं नाही.

"तुला झोप लागते का गं नीट?" त्यांनी विचारलं.



"हे मला लिहिता येणार नाही," ती म्हणाली.

"नको लिहूस."

त्यांनी कान देऊन ऐकलं. टकटक नव्हती.

"कधी कधी नाही लागत, काका," ती म्हणाली. "इतक्या जणांचं ऐकून घरी गेलं, की आवाज डोक्यात राहतात."

"पाण्याने डोळे धुवायचे झोपताना. माझी बायको धुवायची."

"धुवेन."

मग तिने नियमाप्रमाणे आभार मानले. सहकार्याबद्दल वगैरे. ते वाक्य तिला वाचून दाखवावंच लागत असणार. काटेवाल्यांनी ते पूर्ण होऊ दिलं आणि तिने ठेवल्यावर फोन ठेवला.

आतून आक्काने विचारलं, "कुणाचा रे?"

"कामाचा."

"तुला कसलं आता काम?"

"होतं एक."

"मग? झालं?"

"झालं."

जेवायची वेळ झाली होती. आक्का दोन महिने टेबलाशी स्वयंपाकघरातल्या बुटक्या स्टुलावर बसून जेवत होती आणि रोज पाठीच्या नावाने कुरकुरत होती. काटेवाले फोनजवळ थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी बायकोच्या खुर्चीवरची धूळ तळव्याने पुसली, तिच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून ती उचलली, भिंतीला लागू न देता बोळातून आत आणली आणि टेबलाशी आपल्या खुर्चीसमोर ठेवली. एक पाय जरा लंगडत होता. त्यांनी कागदाची घडी घालून ती पायाखाली सरकवली, हाताने दाबून पाहिलं आणि आक्काला हाक मारली.